हिरव्या माशीचा घोट

१० फेब्रुवारी २०२५, बदनापूर

पोचले एकदाची! स्टेशनवर उतरले तेव्हा एका हातात मायक्रोस्कोपची पेटी, दुसऱ्या हातात जाळी, पाठीवर ही भलीमोठी बॅग. रिक्षावाल्याने विचारलं, मॅडम, फुलपाखरं धरायला आल्या का? म्हटलं, नाही बाबा, माश्या मारायला आलेय. घर येईपर्यंत तो आरशातून माझ्याकडे बघून हसत होता.

उषाबाईंकडे खालच्या दोन खोल्या मिळाल्यात. उषाबाई निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात, बोलायला तिखट आणि वाढायला सढळ. मी रत्नागिरीची म्हटल्यावर त्यांना माझी दया आली. इथला उन्हाळा कसा सोसणार तुम्ही, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, घामाशी माझं जन्माचं नातं आहे, आमच्याकडे पंख्याखाली बसलेला माणूससुद्धा निथळतो. पुढच्या खोलीत कूलर लावून तिची प्रयोगशाळा केली. इथे आसपास कांद्याचं बियाणं पिकवतात, त्या फुलांवर कोणकोणत्या माश्या येतात ते पाहायचं, एवढंच माझं काम. करार पुन्हा वर्षाचाच. दर वर्षी नवं गाव, नवी खोली, आणि नावावर काही नाही. या वेळी तरी काहीतरी हाती लागू दे.

१९ फेब्रुवारी

पुंजारामभाऊंच्या प्लॉटवर आज पूर्ण दिवस गेला. सगळं शेत कांद्याच्या फुलांच्या पांढऱ्या गोंड्यांनी भरलंय आणि कांद्याचा वास केसांतून जात नाही. पुंजारामभाऊ साठीचे, मिश्कील गृहस्थ. मॅडमला सावलीत बसव, न्हाई तर रत्नागिरीला पार्सल करावं लागंल, असं त्यांनी माझ्यादेखतच बेबीनंदाला सांगितलं. बेबीनंदा माझी मदतनीस. बारावी शिकलेली, दोन मुलींची आई, भलतीच फटकळ. आमचं पहिल्याच दिवशी जमलं.

दुपारी एक गंमत पाहिली. बी नीट धरावं म्हणून बायका गोंड्यांवरून हात फिरवत चालल्या होत्या आणि त्यांच्या हातांवर, मानेवर छोट्या हिरव्या माश्या येऊन बसत होत्या. धातूसारखा लखलखीत हिरवा रंग, ऊन पडलं की डोळे दिपतात. या घाममाश्या. घामातल्या मिठासाठी माणसाच्या अंगावर येतात. पण एकही बाई त्यांना हाकलत नव्हती! हात तसाच धरून ठेवायचा, तिचं पिणं होऊ द्यायचं, ती उडून बांधातल्या बिळात शिरली की मगच पुढे जायचं. का, म्हणून विचारलं तर पुंजारामभाऊ म्हणाले, का ते काय माहीत न्हाई बुवा, माझा बाप बी असंच करत आल्ता, पाहुणी हाय, प्याली की घरी जाऊ द्यायची. मला फार आवडलं हे. शहरात लोक आधी चप्पल उचलतात.

२ मार्च

घाईघाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. नवी जात आहे! पुण्याच्या संग्रहालयातले भालचंद्र सर फोटो बघून म्हणाले की अशी माशी त्यांनी आजवर पाहिलेली नाही. पोटावरचे पट्टे वेगळे, पायांवरचे केस वेगळे, चेहऱ्याची ठेवणच निराळी. हिचं वर्णन मी लिहिणार! हिला नाव मी देणार! उषाबाईंना मिठी मारली तर त्या घाबरून मागे सरकल्या.

नवी जात जाहीर करताना एक माशी कायमची जपून ठेवावी लागते. तिला आम्ही टाइप म्हणतो. त्या जातीचं नाव त्या एका माशीच्या अंगावर असतं म्हणा ना, पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तरी तिच्याशीच ताडून बघायचं. जाळीत सापडलेल्यांचे पंख फाटत होते. मग युक्ती सुचली. घाम पिताना माशी अगदी गुंग असते, तेव्हाच वरून बाटली उपडी घालायची. बेबीनंदाने हसत हात पुढे केला. बायका कुजबुजल्या तर ती म्हणाली, आमच्यात असलं काही मानत न्हाईत मॅडम, तुम्ही बिनधास्त धरा. तिच्या मनगटावरची माशी अशी देखणी निघाली की तीच टाइप. बाकीच्या मी माझ्याच हातावर धरल्या. माझ्या घामाला काय तोटा! पुंजारामभाऊ मात्र उठून विहिरीवरच्या मोटारीकडे गेले.

१७ मार्च

माश्या वाळत नाहीत. टाचणीवर लावलेली माशी दोन-तीन दिवसांत खडखडीत होते, इथल्या हवेत तर लगेचच व्हायला हवी. पण या ओल्याच. बेबीनंदाच्या माशीच्या पोटाखाली तर सकाळी थेंब धरतो, टिपला की पुन्हा येतो. टाचणीवर मिठासारखी पांढरी पूड साचलीय. कूलरचा दमटपणा म्हणावा तर धुळवडीला कूलर दिवसभर चालू होता, आणि त्या दिवशी थेंब आला नाही. शेतात त्या दिवशी सुट्टी होती, त्याचा याच्याशी काय संबंध? कप्पाळ माझं, उगाच काहीतरी.

१९ मार्च

माझ्या हातावरच्या सगळ्या माश्या पेटीत घालून पुण्याला भालचंद्र सरांकडे पाठवल्या. असे नमुने पक्क्या संग्रहात जमा केल्याशिवाय लेख कुणी छापत नाही. टाइप चित्रं पूर्ण होईपर्यंत माझ्याजवळच राहील. सरांचा संध्याकाळी फोन आला, नाव काय देताय म्हणून. मी बेबीनंदाचं देणार म्हटलं. तिला सांगितलं तर लाजून पदर तोंडाला लावला, आणि मग दिवसभर सगळ्यांना सांगत सुटली.

२८ मार्च

काय ऊन आहे! पण मला मानवलंय. उषाबाई घामाघूम होऊन सरबत करतात आणि माझा रुमाल कोरडाच्या कोरडा. आई ऐकेल तर तिचा विश्वास बसणार नाही.

बेबीनंदाला शेतात चक्कर आली. हात धरून सावलीत नेलं, तर तिचा हात तापलेल्या तव्यासारखा आणि कोरडा. ती म्हणाली, काही न्हाई मॅडम, दोन दिस झाले अंग भाजून राह्यलंय, पाण्याने बरं वाटंल. मी तिला घरी पाठवलं. ऐकेल तर ना, उद्यापासून गोंड्यांची तोडणी आहे.

२ एप्रिल

बेबीनंदा तोडणी करताना पडली. जालन्याला दवाखान्यात नेलंय. उष्माघात म्हणतात. पण डॉक्टरही बुचकळ्यात आहेत, कारण तिला घाम येतच नाही. अजिबात नाही. तिचा नवरा राजानंद बाकावर बसून राहिलाय. तिला इतक्या उन्हात मॅडम तुम्ही कशाला जाऊ दिलं, असं तो एकदाच म्हणाला.

घरी आले. टाइपची पेटी उघडली. पेटीच्या तळाला पाणी साचलं होतं. खाली घातलेला कागद भिजून फुगलेला.

बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

३ एप्रिल

आज नीट बघितलं. दवाखान्यात तिला कूलरपुढे, ओल्या चादरीत ठेवलं होतं तोवर माशी कोरडी. दुपारी वीज गेली, राजानंदने फोनवर तसं सांगितलं, आणि इकडे माझ्या डोळ्यांदेखत थेंब फुटला. मग दुसरा. मग धारच.

तिचा घाम इथे येतोय. माझ्या टेबलावर.

मी शिकलेली बाई आहे. हे मी लिहितेय, हे मला खरं वाटत नाही.

४ एप्रिल

माशी तिच्या बिळात पोचवायला हवी. पिऊन घरी जाऊ द्यायची, एवढंच तर सांगत होते पुंजारामभाऊ.

पण टाइप आहे ती! पुण्याला पाठवलेल्यांतही तिच्यासारखी देखणी दुसरी नाही. फुलं संपली, बांधावर आता एक माशी दिसत नाही. अर्ध्याहून जास्त चित्रं व्हायचीत. आणि काय सांगू सरांना? भूत लागलं म्हणून फेकून दिली? हसतील. दुसरा कुणीतरी पुढच्या वर्षी येईल आणि माझी माशी त्याच्या नावावर—

उद्या बघू. दवाखान्यात आहे ती, डॉक्टर आहेत.

५ एप्रिल

राजानंदचा फोन. ती माणसं ओळखत नाही. पोरींनासुद्धा नाही.

मी फोन ठेवून चित्र काढायला बसले. मागच्या पायाचे केस काढत बसले. शरम वाटते लिहायला, पण बसले.

६ एप्रिल

गेले. भर उन्हात, चालत. माशी टाचणीवरून उतरवली, तळहातावर घेतली. बांधावर बीळ सापडलं. बिळाच्या तोंडाशी आतून एक हिरवं डोकं लावलेलं, दारासारखं. या माश्या तसं करतात, परक्याला आत येऊ देत नाहीत, हे मी पुस्तकात वाचलंय. मी मेलेली माशी तोंडाशी ठेवली. डोकं बाजूला झालं. माशी आत ओढली गेली.

तेवढ्यात राजानंदचा फोन. ती घामाने चिंब झालीय, उठून पाणी मागते. तो रडत होता. मीही बांधावर बसून मोठ्यांदा रडले. पुंजारामभाऊ लांब उभे होते. जवळ येऊन त्यांनी पाण्याची बाटली दिली.

७ एप्रिल

बेबीनंदा घरी आली! पिठलं-भाकरी खाल्ली म्हणे. चौदा तारखेच्या जयंतीच्या मिरवणुकीत नाचणार असं आत्तापासून सांगतेय. देवा रे, केवढं ओझं उतरलं.

आणि जात पण वाचली. सरांना कळवलं की पहिला नमुना खराब झाला, तुमच्याकडच्या पेटीतली सगळ्यांत चांगली माशी टाइप करा. सरांनी लगेच लाल लेबल लावून कपाटात कुलुपबंदही केली. तिला आता कुणी हात लावू शकणार नाही म्हणाले.

८ एप्रिल

सकाळी अंघोळ करताना सुचलं. काल नाही, परवा नाही, आज सुचलं. कशी मी इतकी मूर्ख?

परवा भर उन्हात बांधापर्यंत चालत गेले आणि कपाळाला हात लावला तर कोरडं. काख कोरडी. मी! रत्नागिरीची!

त्या पेटीतल्या सगळ्या माझ्या हातावरच्या आहेत.

९ एप्रिल

सरांना फोन. एकदा, दोनदा, चारदा. माश्या परत पाठवा म्हटलं. ते म्हणाले, जमा झालेला टाइप बाहेर जात नाही, नियम तुम्हालाच पाठ असायला हवा. मी रडले, तर म्हणाले, थकलायत तुम्ही, सुट्टी घ्या.

स्वतःच जाऊन आणू म्हटलं. पुण्याची बस धरली, संभाजीनगरच्या पुढे गेलेच नाही. बसमध्ये पडले. कुणीतरी परतीच्या गाडीत बसवलं.

११ एप्रिल

ताप. उषाबाई बादलीने पाणी ओततात. ओतलं की सुकतं. ओतलं की—

डॉक्टर येऊन गेले. सलाईन. घाम नाही म्हणतात. माहीत आहे हो मला!

बेबीनंदाने ऐकलं सगळं. ती आणि राजानंद रात्रीच्या गाडीने पुण्याला निघालेत. दार फोडू म्हणतात. ती नाही मानत असलं काही. तरी निघाली.

१२ एप्रिल, सकाळ

बेबीनंदाचा फोन. संग्रहालयाला कुलूप. दुसरा शनिवार. मग रविवार. मग सोमवारी जयंतीची सुट्टी. पहारेकरी आत सोडत नाही. ती गेटबाहेरच बसून राहिलीय.

दुपार

सरांचा फोन. मूळ गावी निघालेत, ट्रेनमध्ये आहेत. फार प्रेमाने बोलले. तुमच्या माश्या ओल्याच होत्या हो, पेटीत पाणी साचलं होतं, बुरशी लागली असती. काळजी करू नका, काल संग्रहालयातून निघताना सगळ्या वाळवायच्या भट्टीत ठेवल्यात. मंद आचेवर होत्या, वाळेनात, म्हणून आच थोडी वाढवून ठेवलीय. मंगळवारी येऊन बघतो—

मी ओरडले. रेंज गेली.

पुन्हा लावते. बंद. बेबीनंदाचाही बंद.

उषाबाई, पाणी—

मंगळवारपर्यंत भट्टी चालू. आज शनिवार. जीभ टाळूला

डोळे उघडे ठेवले की आतून सुकत