थोरलीची बेंबी

अम्मी,

वडशाच्या खालाचं, तुझ्या बहिणीचं, पत्र आलं की तू ओढणीला हात पुसून माझ्यासमोर बसायचीस आणि म्हणायचीस, "वाच. एक बी शब्द सोडू नको." आज मी स्वतःच लिहायला बसलो आहे आणि सुरुवात जमत नाही, म्हणून फुलदाण्यांपासूनच करतो. तुझे डोळे काचबिंदूनं नेले आणि मुलाचं चंद्रपुरात चष्म्याचं दुकान, यावर गल्लीतले लोक हसायचे, तूही हसायचीस. पण काच ओळखण्यात तुझ्या बोटांपुढे माझी सगळी भिंगं फिकी होती. हे तुला कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण मला माझ्या धंद्याची घमेंड होती.

नाना, म्हणजे तुझे अब्बा, मोहर्लीच्या जंगल बंगल्यावर खानसामा होते. साहेब बदलून गेला तेव्हा मेमसाहेबानं त्यांना हिरव्या काचेच्या फुलदाण्यांची जोडी दिली. त्यातली एक बैलगाडीतच फुटली, म्हणून नानांनी बऱ्याच वर्षांनी बाजारातून तशीच दुसरी आणून जोडी पुरी केली. मेमसाहेबाची ती थोरली, बाजारातली ती धाकटी. लांबून दोघी सारख्याच दिसायच्या. मी सात-आठ वर्षांचा असेन, तू माझं बोट धरून धाकटीच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत फिरवते आहेस. "लागली का रेघ? हे साच्याची जोड हाये. इले कोणी तोंडानं फुंकून घडवलं नाई." मग थोरली पालथी करतेस. तिच्या अंगावर रेघ नाही, पण बुडाशी मधोमध खरखरीत गोल वण आहे. "हे इची बेंबी. कारागिरानं सळईवरून तोडली तवाची खूण. साच्यातल्या मालाले बेंबी नसते." हे सगळं नानांना मेमसाहेबानं सांगितलेलं, नानांनी तुला.

पुढे गल्लीतल्या बायका तुझ्याकडे अत्तराच्या कुप्या, सरबताचे पेले, कंदिलाच्या काचा घेऊन यायच्या. आजीच्या दहेजातला खरा पेला कोणता आणि मागाहून मिळवलेला कोणता, हे तू चहा निवायच्या आत सांगायचीस. तू सांगितलंस की दोन बहिणींचं भांडणसुद्धा मिटायचं. डोळे गेल्यावर घरातली बाकीची कामं एकेक करून आम्ही तुझ्याकडून काढून घेतली, हा मान तेवढा तुझ्याकडे राहिला होता. आणि दर शुक्रवारी दोन्ही फुलदाण्या धुण्याचं काम.

मग बल्लारपूरची मंडळी बहिणीला बघायला येणार म्हणून मी नवा शोकेस आणला. थोरली त्याच्या काचेच्या फळीवर ठेवली की बेंबीमुळे डुगडुगायची, आणि सरकवली की चरे पाडायची. मला वाटलं, पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही. तू दुपारची झोपली होतीस. थोरली दुकानात नेली, चष्म्याची भिंगं घासायच्या दगडावर पाणी सोडलं आणि तिचं बूड सपाट करून टाकलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काम इतकं सफाईदार झालं की मी स्वतःवरच खूश होतो. तुला विचारावं असं मनात आलंच नाही असं लिहिणार होतो, पण आलं होतं. तू नाही म्हणशील हेही ठाऊक होतं.

शुक्रवारी तू मोरीपाशी बसून थोरली पालथी केलीस. अंगठा बुडावरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. "काऊन बेटा, इची बेंबी कुठी गेली?"

मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. तू रागावली असतीस, दोन दिवस बोलली नसतीस, एवढंच. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "बेंबी कसली अम्मी? दोन्ही पहिल्यापासून अशाच आहेत. तुझं वय झालं आता, विसरून राह्यली तू."

ही धाकटी तर नाही ना, म्हणून तू अंगावर रेघ शोधलीस. ती नव्हतीच. "रेघ तं नाई इले," तू हळूच म्हणालीस. मग माझ्याकडे तोंड करून म्हणालीस, "असंन. तू डोळ्यानं पाह्यतं, तुलेच जास्त समजते."

त्या दिवसानंतर तू बदललीस आणि मी ते बघत राहिलो. स्वयंपाकघरात डबा उघडून विचारायचीस, "हे मीठच हाये ना?" आधी कधी विचारलं नव्हतंस. शेजारची बाई सासूची कुपी घेऊन आली तर तू ती हातातही घेतली नाहीस. "मले नाई समजत आता. हात चुकून राह्यला माह्या." मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. पेपर खाली ठेवून एक वाक्य बोलायचं होतं. पुढची चार वर्षं, तू जाईपर्यंत, ते मला जमलं नाही. तुझे डोळे आजारानं नेले अम्मी, पण बोटांवरचा तुझा भरवसा मी नेला. याची मला लाज वाटते, आणि वयाबरोबर ती कमी होत नाही.

तू गेल्यानंतर काही वर्षांनी नागपूरचे एक निवृत्त प्राध्यापक दुकानात चष्मा करायला आले. त्यांना जुन्या काचेचा नाद. थोरली आता दुकानात टेबलावर असते. त्यांनी ती उचलली, नख फिरवलं, काठ जरासा वाकडा आहे हे पाहिलं, उजेडात धरून आतले हवेचे बुडबुडे मला दाखवले. "तोंडानं फुंकलेली आहे. शंभर वर्षं तरी सहज झाली असतील." मग पालथी केली आणि त्यांचा चेहरा पडला. "इथे वण असायला हवा होता. हे कुणीतरी घासलंय. नुसती वापरून झिजली असती तर चरे वेडेवाकडे असते, हे सगळे एका दिशेचे आहेत. कुणी केलं हो हे?"

माझा दगड त्यांच्यापासून दोन हातांवर होता.

मी म्हणालो, "आमच्या अम्मीनं. तिला दिसत नव्हतं."

ते म्हणाले, "बिचारी," आणि फुलदाणी जपून खाली ठेवली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते दुकानाच्या ड्रॉवरमध्येच राहील. पण तू असतीस आणि ओढणीला हात पुसून समोर बसली असतीस, तर ते मीच वाचून दाखवलं असतं. घासल्याचं सांगितलं असतं, मिठाचंही सांगितलं असतं. त्या प्राध्यापकांना काय उत्तर दिलं, ते मात्र मी गाळलं असतं.