टेपवरचं अठरावं वाक्य

नगर,
११ फेब्रुवारी १९७३

ती. मनाक्कास,

बनूचा नमस्कार. तो तू घेशील की नाही, माहीत नाही; पण पत्र ठेवून घे. तू चौथीपर्यंत शिकलीस, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

मी बरी आहे. दवाखान्यात गर्दी वाढली आहे. दुष्काळी कामावरच्या बाया घाण पाण्यानं आजारी पडून येतात. डॉक्टर मडमच्या इंग्रजीचं मराठी आणि बायांच्या मराठीचं इंग्रजी करता करता माझी दुपार टळते. राहात्याला विहिरीत पाणी आहे का? पेरूची झाडं तगली का?

गेल्या आठवड्यात पुण्याहून राधाकृष्ण नावाचे एक संशोधक आले. दुभाष्याचं काम करताना माणसाचा मेंदू कसा चालतो, ते शोधताहेत. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले. कानात इंग्रजी वाक्य आलं की मी लगेच मराठीत सांगायचं, आणि ते दुसऱ्या टेपवर उतरायचं. वाक्यं दवाखान्यातलीच, चाळीस.

अक्का, हेडफोन लावले आणि खोली विरघळली. नेवाशाला प्रवरेत कान बुडवून आपण उताण्या तरंगायचो ना, तसं. वर नुसतं आभाळ आणि लांबून येणारा आवाज. कामावरही मला असंच होतं. इंग्रजी आत येतं, मराठी बाहेर जातं, मधे मी नसते. घरी जाताना काय बोलले ते आठवत नाही.

राधाकृष्ण म्हणाले, "पुष्कळ दुभाष्यांचं असंच होतं. मन त्या वेळी साठवत नाही, वाहू देतं."

"मग दोन भाषा डोक्यात वेगवेगळ्या राहतात का?"

"तेच तर कळत नाही, बाई. कळलं की कार्ड टाकतो."

मग त्यांनी माझीच टेप मला ऐकवली. सतरा वाक्यं बरोबर होती. अठरावं इंग्रजी वाक्य होतं, हा रोगी आता वाचणार नाही. त्यावर माझा आवाज अगदी शांतपणे म्हणाला, "आराम पडायला वेळ लागेल."

"हा माझा आवाज नाही," मी म्हणाले. त्यांनी टेप मागे फिरवून पुन्हा लावली. माझाच होता.

दाजी आमच्याच दवाखान्यात वारले, आणि त्यांच्या दहाव्याला सगळ्यांदेखत तू हेच शब्द म्हणालीस. "आराम पडायला येळ लागंल, आसं तू म्हन्लीस. म्हनून मी पेरू उतरवायला गेले. न्हाईतर हालले आसते का मी त्यांच्यापासून?" मी शपथ घेतली की मी खरं तेच सांगितलं, तूच ऐकलं नाहीस. भावकीनं माझं खरं धरलं, कारण मी शिकलेली. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस.

मी जाणून खोटं बोलले नव्हते. मडमचं इंग्रजी मला शब्दन् शब्द आठवत होतं, म्हणून ते तुझ्यापर्यंत पोचलं असं धरून चालले. पण खरं तू बोलत होतीस. आणखी एक. शेवटी दाजी दाराकडे बघत होते. "मना आली का?" दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणाले, "येतीय, दाजी."

नदीत माझे कान पाण्यात असायचे आणि आई काठावरून ओरडायची. तू सांगायचीस, "काय न्हाई गं, जेवाया बोलावतीय." घरी गेलं की पाठीत धपाटा. ते आठवून मी परवा हसले, मग रडले. सबब म्हणून लिहीत नाही. धपाटा वेगळा, तुझा नवरा वेगळा.

मडमला मी टेपचं सांगितलं. आता जड बातमी असली की मराठीत काय सांगितलं, ते मी तिला इंग्रजीत परत म्हणून दाखवते.

येत्या रविवारी राहात्याला येते. दहाव्याला जमलेल्या माणसांना बोलावून त्यांच्यासमोर सांगणार आहे. तू दार उघडलं नाहीस तर ओट्यावरून सांगेन.

पण तुला आधी कळायला हवं. त्या दिवशी मडम तुझ्याकडे बघून म्हणाली होती, "यांचे थोडेच दिवस राहिलेत. आता यांना सोडून कुठं जाऊ नका."

एवढंच होतं, अक्का. दोन वर्षं माझ्यापाशी राहून गेलं.

तुझी,
बनू