पागेच्या तेवीस खिडक्या

५ मे १९२४, सोमवार
कालच्या नोंदीत चूक आहे. पागेला चोवीस खिडक्या, असं मी लिहिलं. तेवीस आहेत. कमानीच्या डावीकडची नुसती रंगवलेली आहे. उजवीकडे एक आहे, म्हणून डावीकडे एक हवीच, एवढ्यासाठी. फार अपराधी वाटलं. बाबा मला घरी शिकवायचे तेव्हा म्हणायचे, एक आकडा चुकला की सगळी साक्ष खोटी.

आणि साक्ष महत्त्वाची आहे. मोटारी ठेवायला जागा हवी म्हणून ऑब्रीकाका पागा पाडणार आहेत. वरच्या खोल्यांत म्हातारे कोचमन पेल आणि त्यांची बायको तीस वर्षं राहतात. काकांशी बोलेन, असा शब्द मी त्यांना दिला आहे. उद्याच बोलणार.

६ मे
बोलले नाही. उंची मोजायची राहिली होती. घोड्यांच्या ठाणावर छत चौदा फूट. पेलांच्या खोलीत साडेपाच. पेल म्हणाले, ताईसाहेब, तुमच्या पणजोबांनी आधी घोड्यांचा विचार केला, आम्ही त्यांना नंतर आठवलो.

९ मे
नाश्त्याला काका अगदी खुशीत. अशा वेळी विषय काढणं म्हणजे त्यांच्या चांगुलपणाचा गैरफायदा.

१२ मे
काका चिडलेले. चिडलेल्या माणसाकडून न्याय कसा मिळणार?

१४ मे
मिसेस पेलनी विचारलं, बोललात का हो? मी म्हटलं, तयारी जवळजवळ पूर्ण आहे. हे खरं आहे. त्या म्हणाल्या, जरा हात चालवा, लीड्सचा जावई आम्हालाच नाक मुरडत ठेवून घेतोय, वर माझ्या सहा कोंबड्या.

१९ मे, सोमवार
काकांपुढे ठेवायचं निवेदन एकेचाळीस पानांचं झालं. छपराचे पत्थर उतरवायला माणसं आली. एका अर्थी बरंच झालं, तुळया उघड्या पडल्या. ओकच्या लाकडाच्या आहेत, मी एल्मच्या लिहिलं होतं. पान नऊ ते सतरा पुन्हा लिहिणार.

२२ मे
पेल नवराबायको गेले. कोंबड्या टोपलीत. पेलनी टोपी काढून आभार मानले, म्हणाले, तुम्ही प्रयत्न केलात. मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत.

२३ मे
रात्री जेवताना काका आपणहून म्हणाले, गंमत आहे, कुणीतरी ओरडेल असं वाटलं होतं, निदान पेलसाठी. एक शब्द कुणी काढला असता तर मोटारी कोठारात ठेवल्या असत्या, मला काय! तू रोज मोजायची फीत घेऊन हिंडायचीस, मला वाटलं, पाडायचीच मापं घेतेयस. बरं, तुझं मत काय?
मी म्हटलं, मटण छान झालंय. मटण खरोखरच छान झालं होतं.

२४ मे, शनिवार
काकांचा मुळात विरोधच नाही, हे आता नक्की झालं. बोलायला याहून अनुकूल वेळ येणार नाही. उद्या रविवार, चर्चचा दिवस. सोमवारी कमान पाडणार, धूळ फार असेल. मंगळवार, २७ मे, नाश्त्यानंतर, बरोबर साडेनऊ वाजता काकांशी बोलणार.