ओडेसाची शिट्टी

प्रिय क्लॉडीन,

शाळेचा मागचा जिना आठवतो? शुक्रवार होता. तळलेल्या माशाने तेलकट झालेली बोटं आपण तिघी, तू, मी आणि ओडेसा, गणवेशाला पुसत होतो आणि गात होतो, कारण त्या जिन्यात आवाज छान घुमायचा. सिस्टर पर्पेचुआ वरून डोकावल्या. वाटलं, आता शिक्षा. तर म्हणाल्या, "ओरडायचंच असेल तर एका सुरात तरी ओरडा!" आणि सूर देणारी स्वतःची गोल शिट्टी त्यांनी ओडेसाच्या हातात ठेवली.

मग डेट्रॉइटमधले ते सगळे हॉल, ती गळकी बस, ओडेसाच्या आईने शिवलेले तीन हिरवे झगे, आणि एके दिवशी रेडिओवर आपण, 'व्हेस्परेट्स'! तू पुढे, आम्ही दोघी मागे. त्याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही. तू रंगात आलीस की तुझा सूर चढायचा. ओडेसा खालचा सूर घट्ट धरून तुला जागेवर आणायची. ऐकणाऱ्यांना पत्ताही लागायचा नाही. "तू उड गं, क्लॉडी. दोरी माझ्या हातात आहे," म्हणायची.

आणि गेल्या महिन्यात टीव्हीवर, तसेच हिरवे झगे घातलेल्या दोन भाडोत्री पोरी मागे उभ्या करून तू काय म्हणालीस? "मागच्या मुली काय, येतात नि जातात." जीभ कशी रेटली तुझी? ओडेसा अंथरुणातून बघत होती. मी संतापून टीव्ही बंद करायला उठले, तर म्हणाली, "थांब गं व्हर्नीटा, गाणं ऐकू दे." संपल्यावर हसली. "चढलीच बघ बया! धरायला कुणी नाही तिला." तिला तुझी कीव आली. मला नाही आली. अजूनही येत नाही.

ओडेसा मंगळवारी गेली. शनिवारी सकाळी आपल्या जुन्या चर्चमध्ये तिला निरोप द्यायचा आहे. तिने सांगून ठेवलंय की आपलं पहिलं गाणं आपण दोघींनी गायचं आणि तिची ओळ रिकामी सोडायची. ऑर्गननेही ती भरायची नाही. त्या पोरींना आणू नकोस. तिचा झगा तिच्या नातीला, जोसेटला मिळेल. रेकॉर्डी चर्चमध्ये गाणाऱ्या मुलींना. माझा झगा मी घालून येणार आहे, उसवला तर उसवला. शिट्टी मी नदीत भिरकावली असती. पण ती तुला द्यायची आहे. "तिला लागेल," ओडेसा म्हणाली.

रागावलेली, तरी तुझीच,
व्हर्नीटा