बाल्कनीतली कुंभारीण

खडवली, १२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कल्पितास सासूबाईंचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि विसरतेस, म्हणून लिहून पाठवते. दिवाळीला माजिवड्याला तुमच्याकडे आले तेव्हा बाल्कनीत कुंभारीण माशीने केलेलं घर पाहिलं. परत आल्या आल्या आळीत सगळ्यांना सांगितलं. कुंभारीण आली की वर्षाच्या आत घरात मूल येतं. तुझ्या नवऱ्याच्या, नयनच्या वेळी आमच्या चुलीमागे बसली होती. त्या घराला झाडू लागता कामा नये. नयनला चावली तरी चालेल, तो सोसेल.

माया आहेच, ती वाढू दे.
सखुबाई

माजिवडा, २० डिसेंबर २०२४

ती. सौ. आईंस शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि शेजारच्या जाईबाई उत्तर देतात.

आई, ती कुंभारीण नाही हो. कुंभारीण एकटी येते आणि मातीचं घर करते. या गांधीलमाश्या. लाकूड कुरतडून कागदासारखं पोळं करतात, एकत्र राहतात. मी पुस्तकात पाहिलं. नयनचं कपाळ टम्म सुजलं तेव्हाच खरं तर खात्री पटली होती.

थंडी पडली तसं पोळं ओस पडलं. आता पडद्याच्या दांडीमागच्या फटीत एकमेकींना बिलगून बसल्यात. उडणं नाही, खाणं नावापुरतं, अंडी तर नाहीतच. ऊन तापलं की ज्या जगतील त्या नवीन पोळं बांधतील. सगळ्या माद्याच आहेत. नर थंडीआधीच मरतात, हे वाचून दाखवल्यापासून नयन घरातही स्वेटर घालतो.

त्यांना बघून मला हेवा वाटला आणि रडू आलं. त्यांना कुणी विचारत नाही, गोड बातमी कधी म्हणून. मला दर हळदीकुंकवाला विचारतात, तुम्हीही विचारता. उपचार चालू आहेत, आई. दर महिन्याला आशा लागते आणि मी कोसळते. यंदा संक्रांतीला यायचा धीर नाही. राग धरू नका.

तुमचीच,
कल्पिता

खडवली, १८ जानेवारी २०२५

चि. सौ. कल्पितास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि भात करपला. चुकलंच माझं. आशा मी लावली आणि जाच तुला झाला.

हळदीकुंकू केलं. जाईबाईने तिळगूळ घेता घेता विचारलंच, सूनबाईची बातमी कधी. मी तिला गांधीलमाशीची सगळी हकिगत सांगितली, नर मेले इथपर्यंत. तिचा नवरा बाहेर उभा होता, तो घरी निघून गेला. मग बजावलं, थंडीत माशीलाही कुणी असं विचारत नाही, माझ्या सुनेला विचारायचं नाही. ती फुगून वाण न घेताच गेली. बाकीच्या बायका तिळगूळ चघळत बसल्या.

आता तू ये. नयनला तिथेच राहू दे, तो स्वेटरात सुखरूप आहे. मागची खोली झाडून ठेवलीय. जेव आणि झोप, दुपार झाली तरी कुणी उठवणार नाही. मूल झालं तर त्याला न्हाऊ घालीन, नाही झालं तर तुझ्या डोक्याला तेल लावीन. माझे हात काही रिकामे राहायचे नाहीत.

वाट बघते.
तुझी आई,
सखुबाई