मंगळवारची नोंद

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय चिंगे,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो आपल्या आत्यासारखा; कुरकुर केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. तुझं बीपी काय म्हणतं? गोळ्या चुकवू नकोस आणि डॉक्टरांना शहाणपण शिकवू नकोस.

मागच्या खोलीच्या खिडकीचं माप मागितलंस. पडदे शिवायला घेतेस म्हणे. पाठवते, जरा दम धर. आणि भाड्याची खोली महिनाअखेर सोडतेय असं घरमालकाला सांगूनही टाकलंस? तुझी घाई काही या जन्मी जायची नाही. म्हातारपणी दोघी एका छपराखाली राहू, पोटभर भांडू, हे आपलं कधीपासूनचं ठरलेलं. मीच तुझ्या मागे लागले होते, ते विसरले नाही मी.

आता खाणीचं. तू तिसऱ्यांदा विचारते आहेस आणि मी दोन पत्रं हवापाण्यावर काढली.

निकाल लागला. आपण हरलो. दगडखाण वाढवायला परवानगी मिळाली. आज ती चारशे मीटरवर आहे, पुढच्या वर्षी आपल्या कुंपणापासून नव्वद मीटरवर येईल. मागच्या खोलीची खिडकी उघडली की खड्डाच दिसणार.

कंपनीने सुनावणी घेणाऱ्या साहेबाचे हात ओले केले असतील, असं तुला वाटेल. मलाही तसं लिहून मोकळं होता आलं असतं. पण तसं झालं नाही गं. साहेब भला माणूस होता. माझी वही त्याने पहिल्या पानापासून वाचली.

तुला वहीबद्दल लिहिलं होतं, काचेबद्दल नाही. ती युक्ती कोपऱ्यावरच्या सुतारांची. भिंतीच्या भेगेवर आडवी, पातळ काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवायची. भेग केसभर जरी सरकली तरी काच तडकते. गल्लीतल्या सतरा घरांनी हरकत घेतली आणि पुरावा म्हणून सगळ्यांनी माझीच वही जोडली. रोज दुपारी एकला भोंगा वाजतो, मग सुरुंग उडतो. पेले वाजले का, धूळ किती आली, काच शाबूत आहे का, सगळं मी टिपून ठेवायची. तीस वर्षं वॉर्डात तापाचे तक्ते भरले, थर्मामीटर न बघता एक आकडा लिहिला नाही. गल्लीत म्हणायचे, सिस्टरची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण काच काही तुटेना. पंचेचाळीस दिवस झाले. घर हादरायचं, मांडणीवरची ताटं खाली यायची, आणि ती मेली काच जशीच्या तशी.

सुनावणी गेल्या महिन्यात, एका शुक्रवारी होती. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी मी सगळ्यांच्या अर्जांच्या झेरॉक्स काढायला तालुक्याला गेले होते, बारा ते तीन. आल्यावर चप्पलही न काढता मागच्या खोलीत गेले. काच शाबूत. इतका संताप आला! आणि मला अवदसा आठवली. कात्रीच्या मुठीने एक टोला हाणला. वहीत लिहिलं, ‘एक वाजता सुरुंग. काच तडकली.’

लिहिलं एकदाचं तुला.

सुनावणीत कंपनीचा इंजिनिअर उठला. मला आजी म्हणायचा तो. आवाजही चढवला नाही त्याने. म्हणाला, “त्या मंगळवारी सुरुंगाच्या दारूची गाडीच आली नव्हती. खाणीत दिवसभर एकही सुरुंग लागला नाही. पोलीस चौकीत नोंद आहे.”

साहेबांनी चष्मा काढला. “सिस्टर, काय म्हणता?”

“वार चुकला असेल.”

“मग कुठला वार?”

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. मी नुसतीच पदराचं टोक पिळत उभी राहिले. साहेबांनी वही मिटली आणि ही पुराव्यात धरता येणार नाही म्हणाले. एका पानापायी सगळी वही गेली, वहीपायी सतरा घरांची हरकत गेली.

मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुतारांनी माझी पिशवी घरापर्यंत आणून दिली, उंबऱ्याशी ठेवली आणि मागे फिरले. त्यांच्याकडे तीन महिन्यांची नात आहे. भोंगा झाला की सून तिचे कान दाबून धरते.

घरी येऊन मी नवी काच चिकटवली. कशाला, विचारू नकोस. हाताला सवय.

परवा, बुधवारी, एकला मी तिच्यासमोरच उभी होते. भोंगा झाला, सुरुंग उडाला आणि काच टक् करून तडकली. माझे हात पाठीमागे होते, चिंगे, तुझी शपथ. तशीच धावत सुतारांकडे गेले. ते रंधा मारत होते.

“सिस्टर, आता कशाला?”

“अहो, या तरी. बघा तरी.”

“बघून काय करू?” म्हणाले, आणि फळी उलटी करून दुसऱ्या बाजूने रंधा मारायला लागले.

परत येऊन वही उघडली, पेन हातात घेतलं आणि तशीच मिटून ठेवली. वाचणार कोण?

भेगेत आता माझं करंगळीचं नख जातं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून, तुझा पलंग मांडायचा ठरला होता ना, तिथवर उतरली आहे.

खिडकी साडेतीन फूट बाय चार. पण पडदे शिवू नकोस. घरमालकाचे पाय धर, वाटेल ते कर, पण खोली सोडू नकोस. तू तिकडे ये म्हणशील. नाही यायची. माझ्यापायी सतरा घरं अडकली आणि मी पेटी उचलून चालू लागू? तेवढी निर्लज्ज नाही झाले अजून.

आपण एका घरात म्हाताऱ्या होणार होतो. ते आता व्हायचं नाही. मला फार वाईट वाटतं गं.

इथे माझ्या अक्षरावर कुणाचा विश्वास उरलेला नाही. तू ठेव. येऊ नकोस.

तुझी,
ताई