चाळीस जणांत एक बिल्ला

आबा,

पाया पडतो, पण तुमचं ते मला पटत नाही. मान खाली घालून राबतो तो चांगला आणि चांगला तोच सुखी, हे तुम्ही मागच्या पत्रातही ऐकवलंत. इथं आम्ही चाळीस जण दिवसभर मान खाली घालूनच कपड्यांना इस्त्री करतो. सुखी एकही दिसला नाही.

चाळीस जणांत पितळी बिल्ला एकच. तो ज्याच्या हातात, त्यालाच संडासला जाता येतं. माझ्या शेजारच्या काकांना साखरेचा आजार आहे. मंगळवारी बिल्ल्याची वाट बघून ते कंटाळले आणि तसेच गेले. मुकादमानं लिहिलं, इस्त्री तापती टाकून गेले, शर्ट जळाला. मला म्हणाला, "साक्षीला सही कर."

मी म्हटलं, "इस्त्री मीच उचलून ठेवली. शर्ट कुठं जळालाय?"

"म्हातारा तुझा कोण लागतो रे?"

"कोणी नाही. पण साहेब, लघवी काय बिल्ला बघून येते?"

सगळे हसले, तिथंच बिघडलं. सही नाही म्हणून काका कामावर राहिले. मला मात्र धुलाईत टाकलंय, तिथं रोज कमी मिळतो.

तब्येत बरी आहे, पोटभर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं काही सांगू नका.

मी बरोबर वागलो असेन, तर जीव थाऱ्यावर का नाही? रागावला असाल तर तसंच लिहा, पण लिहा.

तुमचा धाकटा

दर महिन्याला सहा हजार असतात. या वेळी साडेतीन हजार पाठवतोय.